पाठमोरी आक्का

माझी थोरली बहीण आक्का माणसाकडं पाठ करून बोलते. मार्गासनीच्या बाजारात भाजी घेतानासुद्धा. रस्त्याकडं बघत ती म्हणते, "वांगी किडकी हायेत तुझी," आणि भाजीवाला तिच्या अंबाड्यासमोर आईच्या शपथा घेतो. एसटीचा कंडक्टर एकदा वैतागला, "मावशी, तिकीट मी देतोय, खिडकी न्हाई!"

तिच्या गालांना आतून पांढरी जाळी धरते. तिखट लागलं की आग होते. वीस वर्षं झाली. "माझा वारा नगं कुणाला," हे तिचं पालुपद.

गाव म्हणतं, बाई चक्रम आहे. पण ही सवय तिला मी लावली. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. माझी मुलगी झाली, तेव्हा आक्का तिला मांडीवर घेऊन पटापट पापे घ्यायची. मी एकदा म्हणालो, "आक्का, तोंड जरा लांब ठेव." तिनं पोरगी माझ्या बायकोच्या हातात दिली. ती दिलीच, पुन्हा कधी घेतली नाही.

पुढं मी भोरला दातांच्या दवाखान्यात कागद सांभाळायला लागलो. तीन वर्षांपूर्वी डॉक्टरबाई बोलता बोलता म्हणाल्या, हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. मी घरी आलो, जेवलो, झोपलो. आक्काला सांगायचं, तर आधी स्वतःची चूक कबूल करावी लागली असती.

यंदा बाईंनी अशा रोग्यांची लाळ तपासायला घेतली. त्यांच्या लाळेतल्या जंतूंत आणि निरोगी माणसाच्या जंतूंत काय फरक असतो, ते बघायचं होतं. रोगी म्हणून आक्का, निरोगी म्हणून मी. "दोन तास खायचं नाही, चूळही भरायची नाही," असं मी तिला बजावलं होतं. ती हळद-मिठाच्या पाण्यानं खळखळून चूळ भरूनच आली.

"दुसऱ्याला भांडं देताना घासून देतो न्हवं? मंग थुकी तेवढी घाण द्यायची व्हय?"

दोन तास थांबावं लागलं. मग आम्ही दोघं माना खाली घालून नळीत लाळ सोडत बसलो. ती अर्थात भिंतीकडं तोंड करून.

"जलमभर थुकू नगं म्हणाले, आता बोलवून थुकाय लावत्यात." जरा वेळानं तिनं भिंतीलाच विचारलं, "बाई, ह्ये जंतू लेकराबाळांना लागत्यात का वो?"

"नाही हो आक्का. जंतू सगळ्यांच्याच तोंडात असतात. तुमच्यात कुठले जास्त, कुठले कमी, ते आम्ही बघतोय. तुमचा आजार कुणालाच लागत नाही."

"मला माहीत होतं, आक्का," मी म्हणालो. "तीन वर्षं."

तिनं भिंतीकडं तोंड ठेवूनच नळीचं झाकण लावलं.

"पोरगी अकरावीला गेली न्हवं?"

"हो."

"मंग आता कशाला मांडीवर बसतीय."

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना तिनं माझा दंड धरला. "तिला ह्यातलं काय बोलू नगंस. बापाविषयी पोरीच्या मनात काय ऱ्हायला नगं."

आक्काचा शब्द मी सहसा मोडत नाही. हा मोडणार आहे. हे लिहिलेलं पहिल्यांदा पोरीलाच वाचायला देईन.