अर्धा इंच वर

"लेवल म्हणजे लेवल! बोनेटवर चहाचा कप ठेव, एक थेंब सांडला तं मले विचार!" बडनेऱ्याच्या श्रावणनं बायकोला, रश्मीला, छातीठोकपणे सांगितलं.

रेल्वेत फिटर असलेल्या श्रावणनं जुनी जीप घेऊन ती चार इंच उंच केली होती. पण डावी बाजू अर्धा इंच खाली बसायची. त्यानं डाव्या स्प्रिंगखालची रिंग पान्यानं फिरवली. डावी वर आली, तर उजवी खाली! उजवी फिरवली, तर मागची बाजू रुसली! तीन रविवार टेप लावून चारही कोपरे एका मापात आले, तोवर जीप शेतातल्या राखणीच्या माचणीएवढी उंच झाली होती.

सोमवारी त्याच्या आईचं, मनकर्णाबाईंचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. अकोल्याला, अकरा वाजता. स्टुलावर चढून आई बसल्या, रश्मी बसली, सोबतीला दोन भरभक्कम मावश्या बसल्या. भारानं जीप दबली आणि दवाखान्याच्या पोर्चखाली बोटभर जागा राखून अलगद शिरली.

"पाह्यलं? याले म्हणतात माप!" श्रावण म्हणाला.

चौघी उतरल्या. ओझं उतरलं तशी जीप वर आली. कर्रर्र! छतावरचं कॅरिअर वरच्या तुळईत रुतलं. गाडी पुढं जाईना, मागं येईना!

तेवढ्यात मागं ॲम्ब्युलन्स येऊन भोंगा वाजवू लागली. चौकीदार मोतीराम धावत आला. "काढा ना भाऊ! आत पेशंट हाय!"

"रिंग फिरवून खाली घेतो, दोनच मिनिटं!"

पाना घेऊन श्रावण वाकला आणि वाकलेलाच राहिला. रिंग सैल करायची तर आधी जॅकनं गाडी उचलावी लागते. म्हणजे दवाखान्याचं छप्परच उचलायचं!

"काहून वाकून राहिला रे?" आई ओरडल्या. "आमी आत होतो तवा शिरली ना? चढा समद्याजणी!"

चौघी चढल्या. तरी कॅरिअर सुटेना. मग आईंनी खिडकीतून हुकूम सोडला, "पाह्यता काय? या, बसा!" दवाखान्यात नाव नोंदवायच्या रांगेतली माणसं भराभरा चढली. दारात एक जाडजूड गृहस्थ उभे होते. "तुमी बी या भाऊ, वजनदार दिसता!"

ते चढले आणि जीप खाली बसली. श्रावणनं रिव्हर्स टाकला. सुटली! ॲम्ब्युलन्स पोर्चखाली गेली, स्ट्रेचर आत गेलं. श्रावणच्या जिवात जीव आला.

तोच नर्स धावत बाहेर आली. "डॉक्टरसाहेब कुठं गेले? अकराचं ऑपरेशन आहे!"

दोन मावश्यांच्या मधून दबलेला आवाज आला, "मी इथं आहे. पेशंटही इथंच आहे!"

ऑपरेशन झकास झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. श्रावण जीप रस्त्यावरच लावून आईला घ्यायला आत गेला, तर खाट रिकामी! घाबरून त्यानं फोन लावला.

"माय, कुठं हायेस?"

"एष्टीत! रश्मी बी हाय संगं. आताच मूर्तिजापूर आलं. पाटी मी सोताच वाचली रे!"