सोपान पेंटरचा बिबट्या

सोपान पेंटरला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो जुन्नरच्या भर बाजारात एका म्हशीच्या मागे चालत होता आणि तिचे पाय मोठ्याने मोजत होता. "मागला डावा, पुढला डावा, मागला उजवा, पुढला उजवा." म्हैस थांबली की तोही थांबायचा. शेवटी म्हशीच्या मालकाने वळून विचारलं, "पावणं, म्हैस घ्यायचीय का?"

"न्हाई," सोपान म्हणाला. "चाल घ्यायचीय. म्हैस तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या."

तो गेल्याला आता वर्ष होईल. दहाव्याला जमलेल्या लोकांमध्ये मी एकच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकलं, 'येडा व्हता, पण मनानं चांगला व्हता.' यातला पहिला अर्धा भाग मला मान्य नाही. मी हायस्कुलात तीस वर्षं मराठी शिकवलं आहे. वेडी माणसं मी पुष्कळ पाहिली, त्यातली काही तर आमच्या शिक्षकखोलीतच बसत. सोपान त्यांच्यातला नव्हता.

तो मूळचा निमगाव सावाचा. तिथे भाऊ, भावजया, शेती, सगळं होतं. हा मात्र जुन्नरला बाजारपेठेतल्या एका बोळात दुकान टाकून त्याच्याच मागच्या खोलीत एकटा राहायचा. दुकानांचे बोर्ड, ट्रॉलीच्या मागचे मोर, निवडणुकीत भिंती, हा त्याचा धंदा. लग्नाचं विचारलं की म्हणायचा, "बोर्ड रंगवायला गेलो व्हतो गुरुजी, तेवढ्यात ऱ्हाऊन गेलं."

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आमच्याकडे केबल आली आणि तिच्याबरोबर मुलांचं एक चॅनल आलं. दोन कार्यक्रमांच्या मध्ये त्यावर एक निळा हत्ती यायचा, सोंडेने चॅनलचं नाव लिहायचा आणि डोळा मारून निघून जायचा. पोरं त्या हत्तीवर खूश होती. सोपान संतापला होता.

"गुरुजी, ह्याला गुडघा न्हाई."

"कुणाला?"

"त्या निळ्याला. फुगा सरकवल्यागत सरकतोय. लहान पोरांना काय बी दावायचं व्हय?"

त्याने चॅनलला पोस्टकार्ड लिहिलं. पत्ता नव्हताच, म्हणून 'मुलांचे चॅनल, निळ्या हत्तीचा विभाग, मुंबई' असा घातला. हत्तीचे पाय कुठल्या क्रमाने पडतात, हे कार्डावर आकृती काढून समजावलं. उत्तर आलं नाही. सोपान म्हणाला, "पोचलं असंल. लाजंनं गप बसलेत."

आमच्या केबलचे मालक मोहनशेठ. त्यांचे आजोबा राजस्थानातून येऊन इथे भांड्यांचं दुकान घालून बसले. शेठ स्वतः जुन्नरी मराठीत जन्मले आणि त्याच मराठीत भांडायचे. केबलवर त्यांचं स्वतःचं एक लोकल चॅनल होतं. त्यावर लग्नांच्या कॅसेटी आणि जाहिराती चालत. संध्याकाळी एक तास मुलांसाठी द्यायचं त्यांच्या मनात आलं, तसा सोपान त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"शेठ, आपल्या चॅनलला आपलं जनावर पायजे. मी करतो. हालनारं."

"कर की. ससा कर. गोंडस दिसतो."

"ससा न्हाई. बिबट्या."

शेठच्या हातातला चहा बशीत सांडला. त्या वर्षांत आमच्या तालुक्यात आणि शेजारच्या आंबेगावात उसामध्ये बिबटे वाढले होते. संध्याकाळ झाली की वस्तीवरची माणसं कुत्र्यांची मोजदाद करायची. लोक त्याला बिबट्या म्हणतच नसत, सरळ वाघ म्हणत. असं जनावर मुलांच्या कार्यक्रमात आणायचं, ही कल्पना कोणालाही सुचली नसती. सुचली असती तरी त्याने ती बोलून दाखवली नसती.

शेठची पहिली हरकत मात्र वेगळीच निघाली. "हा आपल्या चॅनलवर खाणार काय?"

"खानार काय म्हंजे? बिबट्या हाय तो, शेठ."

"मग जमायचं नाही. आमच्या घरात कांदा येत नाही, आणि माझ्या चॅनलवर शेळी?"

दोन दिवस वाटाघाटी चालल्या. शेवटी ठरलं की बिबट्याला कायमचा उपास. तो पडद्यावर काहीही खाणार नाही, नुसता चालेल आणि बोलेल. सोपानने त्याचं नाव ठेवलं ठिपकेशेठ. यावर मोहनशेठ दोन दिवस बोलले नाहीत, म्हणून तो ठिपकेराव झाला.

आता चित्र हालवायचं म्हणजे पारदर्शक कागद हवेत, शेकड्यांनी. ते पुण्यात मिळत, पण सोपानने पुण्याचं नाव काढलं नाही. बोर्डावरच्या अक्षरांचे साचे कापायला तो पहिल्यापासून जुने एक्स-रे वापरायचा. दवाखान्यांतून टाकून दिलेले एक्स-रे त्याच्याकडे पोत्यात भरलेले असत. ते सोड्याच्या पाण्यात भिजत घालायचे, घासायचे, की वरचं काळं निघून खाली काचेसारखी फिल्म राहते. त्या फिल्मवर त्याने ठिपकेराव रंगवायला घेतला. एका पावलाला आठ चित्रं. खाली काच, काचेखाली ट्यूबलाइट, वर लग्नाच्या शूटिंगचा कॅमेरा. चित्र ठेवायचं, बटण दाबून लगेच सोडायचं, दुसरं चित्र ठेवायचं. या कामात तो स्वतः अधूनमधून दुकानात चारही पायांवर चालून पाहायचा. बोर्ड न्यायला आलेली गिऱ्हाइकं दारातूनच परत जात.

ठिपकेरावाचं बोलणं लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी विचारपूर्वक लिहिलं, 'बालमित्रहो, सायंकाळ झाली आहे, तरी आपण आपापल्या घरी सुखरूप परतावे.'

सोपानने ते दोनदा वाचलं. "गुरुजी, ह्यो बिबट्या बोलतोय का तहसीलदार?"

त्याने माझा कागद घडी करून खिशात ठेवला आणि स्वतःच बोलला, घसा खरवडून, "पोरांनो, माझी निघायची येळ झाली. तुमी आत व्हा."

मला तेव्हा कळलं की त्याला बिबट्याच का हवा होता. पण तो हे कोणालाही समजावून सांगत बसला नव्हता. समजावणं त्याला कमीपणाचं वाटायचं.

पहिल्या दिवशी सहाला ठिपकेराव पडद्यावर आला. चालत आला, आणि खरं सांगतो, बिबट्यासारखा आला. खांदा वर, मान खाली, मागलं पाऊल बरोबर पुढल्याच्या खुणेवर.  मग तो कुशीवर वळला, आणि त्याच्या पोटात माणसाच्या हाताची पाच बोटं दिसली.

एक फिल्म नीट धुतली गेली नव्हती. खालून उजेड पडल्यावर रंगाच्या आडून हाडं वर आली. तालुकाभर वाघाची भीती, आणि आमच्या ठिपकेरावाच्या पोटात अख्खा पंजा, मनगटासकट.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोपानच्या दुकानासमोर गर्दी जमली. सगळ्यात पुढे एक शेतकरी होता, हात गळ्यात बांधलेला. तो भांडायला आला असेल असं मला वाटलं. तो म्हणाला, "राव, ते मनगट माझं हाय. मळणीयंत्रात गावलं व्हतं. परत कधी दावनार? बायकोनं बघितलं न्हाई."

बाकीचे इतक्या मौजेत नव्हते. त्यांच्यात सरूबाई होत्या. त्यांची वस्ती गावाबाहेर मळ्यात, माहेर पिंपरी पेंढारचं. आवाज असा की तो ऐकून बैल थांबावेत.

"पेंटर, आमच्या वस्तीवरनं दोन कुत्री आन् एक शेळी गेली. तुमी वाघाचा खेळ करून दावताय? माझं नातवंड काल टीव्हीतल्या वाघाला टाटा करत व्हतं. उद्या उसातल्याला करंल. मग?"

 हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. मोहनशेठ लगेच म्हणाले, "बंद. आजपासून ससा."

सोपान हातातला ब्रश रॉकेलमध्ये बुडवून शांतपणे पुसत होता. "ससा घाला की. ससा सांगंल पोरांना, उसाकडं जाऊ नका. पोरं ऐकतील का? मास्तर सांगत्यात, आई सांगती, कोन ऐकतंय? ज्याची भीती हाय त्यानंच सांगाया पायजे. चुकलं ते हाड. बिबट्या चुकला न्हाई. माफी हाडाची मागतो. बिबट्याची मागनार न्हाई."

"लई ताठ हाय मेला," सरूबाई म्हणाल्या.

"हाय."

शेवटी मोहनशेठने व्यापाऱ्यासारखा तोडगा काढला. आठ दिवस. दिवस मावळायच्या आत वस्तीवरची पोरं घरात जाऊ लागली तर ठिपकेराव राहील, नाहीतर ससा. पोरं जातात की नाही, ते सरूबाईंनी बघायचं. तपासनीस म्हणून त्यांच्याइतकं कडक माणूस तालुक्यात दुसरं नव्हतं.

सोपानने सगळ्या फिल्म पुन्हा धुतल्या आणि रात्रंदिवस बसून पुन्हा रंगवल्या. मग मुदत सुरू झाली. पहिले तीन दिवस ठिपकेराव सहाला आला, बोलला, गेला. चौथ्या दिवशी साडेपाचला वीज गेली. लोडशेडिंगचं वेळापत्रक बदललं होतं आणि आता आठवडाभर ती याच वेळेला जाणार होती. टीव्ही बंद, केबल बंद, बिबट्या बंद. मी सोपानला म्हटलं, "हे तुझ्या हातातलं नाही. शेठला सांगू, मुदत वाढवून देतील."

"मुदत शेठ वाढवतील. उसातला वाढवंल का?" तो म्हणाला आणि मोपेड बाहेर काढली. "बसा मागं."

मी का बसलो ते मला आजही सांगता येणार नाही. मळ्यातली वाट, दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेला ऊस, आणि पुढे हा माणूस एका हाताने मोपेड धरून घसा खरवडत ओरडतो आहे, "पोरांनो, माझी निघायची येळ झाली. तुमी आत व्हा." माझे दोन विद्यार्थी बांधावर उभे होते. त्यांनी मला पाहिलं. मी मान खाली घातली. पोरं खिदळत, किंचाळत, एकमेकांना ढकलत घराकडे पळाली. प्रत्येक दारासमोर तो मोपेड बंद करायचा आणि आतून कडी लागल्याचा आवाज येईपर्यंत थांबायचा. आवाज आला की पुढे. एका घरात कडीच नव्हती. दुसऱ्या दिवशी तो पिशवीत कडी, स्क्रू आणि पेचकस घेऊन गेला.

पाच दिवस आम्ही असे गेलो. नवव्या दिवशी सकाळी सरूबाई केबलच्या ऑफिसात आल्या. शेठने सशाचं चित्र तयार ठेवलं होतं.

"ते काढा," सरूबाई म्हणाल्या. "वाघ ऱ्हाऊ द्या. पोरं आत जात्यात." मग सोपानकडे वळून, "पण करंट नसला तरी बी यायचं. पोरं वाट बघत्यात."

"येतो की," सोपान म्हणाला. चेहऱ्यावर विजय वगैरे काही नव्हता. एखाद्याने बोर्डाचं माप सांगावं आणि याने ते ऐकून घ्यावं, तसा.

ठिपकेराव पडद्यावर चार वर्षं चालला. पुढे मोठ्या कंपनीने केबल घेतली, लोकल चॅनल बंद पडलं. बोर्डांचं कामही फ्लेक्सने खाल्लं. मोपेडवरचा ठिपकेराव मात्र थांबला नाही. वीज असो, नसो. चॅनल नाही तर कशाला जातोस, असं एकाने विचारलं तेव्हा तो म्हणाला, "बिबट्यानं केबलचं कनेक्शन घेतलंय का?"

मीही त्याच्या मागे बसून जात राहिलो. दोनचार वर्षांनंतर सोडलं, गुडघ्यांमुळे. शेवटच्या एका फेरीतलं लक्षात आहे. सरूबाईंच्या दारात त्या म्हणाल्या, "समद्यास्नी आत घालता पेंटर, तुमाला घरी कोन आत घेतं?"

"कुलूप," सोपान म्हणाला. सरूबाई हसल्या. मीही हसलो. तो हसला की नाही ते मागे बसल्यामुळे मला दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्याकडे दुकानाची एक किल्ली मागितली. घरी नातवंडांच्या गोंगाटात वाचन होत नाही, असं सांगितलं. ते खोटं होतं, आणि माझ्या घरात नातवंडं नाहीत हे त्याला माहीत होतं. त्याने किल्ली दिली. तेव्हापासून तो फेरीला निघाला की मी त्याच्या दुकानात जाऊन बसायचो, अंधारू लागलं की दिवा लावायचो, वीज नसली तर कंदील, आणि काहीबाही वाचत राहायचो. तो परत येऊन म्हणायचा, "किती पानं झाली गुरुजी?" मी आकडा सांगायचो. मग चहा.

एकदा मोपेडचा आवाज बोळाच्या तोंडाशी येऊन थांबला, पण सोपान आत आला नाही. मी पुस्तक उपडं ठेवून दाराच्या फटीतून पाहिलं. समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर तो बसला होता. पिशवी मांडीवर, हात पिशवीवर, आणि डोळे आपल्याच खिडकीतल्या उजेडावर.

मी हाक मारणार होतो. मारली नाही. पुन्हा जागेवर येऊन बसलो आणि कंदिलाची वात थोडी मोठी केली.