यशवंतदादाची कॉमेंट्री

आमच्या शेजारचा यशवंतदादा म्हशीला पाणी पाजतानाही कॉमेंट्री करायचा. "आणि प्रेक्षकहो, म्हशीनं मान वळवली, पाय उचलला... आणि बादली थेट सीमारेषेपार!" बादली तोवर आमच्या ओट्यावर येऊन आदळलेली असायची.

नव्वदच्या दशकात डोळखांबपासून मुरबाडपर्यंत टेनिस बॉलच्या मॅचेसना नुसतं उधाण आलं होतं. दादाचा आवाज नाय तर मॅचला मजा नाय, असं पोरं म्हणत. एक धाव निघाली तरी हा असा गरजायचा, की माणसं मळणी टाकून मैदानाकडे पळत! हारतुरे, पाकिटं, मटण. आणि दारू. मॅच संपली की दोघं-तिघं त्याला उचलून घरी आणत.

मग तो काविळीतून मरता मरता वाचला. आटगावचा त्याचा मेहुणा ख्रिस्ती झालेला. तो उशाशी बसून प्रार्थना करायचा. दादा उठला तो येशूचा होऊन. दारू सुटली ती सुटलीच. गावानं थट्टा केली, तर हा उलट खूश! "आमचा कॅप्टन बदलला रे!" असं एसटीत अनोळखी माणसांनाही सांगत सुटला.

त्याच वर्षी मुरबाडला मोठी फायनल होती. बक्षिसं एका बारमालकाची. मंडपाशेजारी हार घातलेली नवीकोरी मोटरसायकल उभी. मी दादाच्या बाजूला धावा लिहायला बसलो होतो.

शेठ म्हणाला, "दर ओव्हरला आपल्या बारचं नाव घे. ही गाडी तुझी, अन् पुढच्या सगळ्या मॅचेसही तुझ्याच."

दादानं गाडीकडे पाहिलं. पुन्हा पाहिलं. "शेठ, तुमचं नाव घेतो. बारचं नाय घेनार."

"अरे, तू तर माझं जुनं गिऱ्हाईक!"

"म्हनून तर! माझा आवाज ऐकून पोरं तिकडं वळतील. येशूनं इचारलं तर मी काय सांगू?"

माइक चालू होता! अख्ख्या मैदानानं ऐकलं. शिट्ट्या, हुर्यो, नुसता कल्ला. शेठनं माइक हिसकावून घेतला. दादा उठला, त्याच मोटरसायकलच्या आरशात बघून भांग नीट केला आणि चालत स्टँडकडे निघाला.

त्यानंतर त्याला कुणी बोलावलं नाही.

पुढच्या वर्षी आमच्याच गावात मॅच होती. दादा सगळ्यात मागे, आंब्याखाली बसलेला. शेजारी वहिनी. जन्मात पहिल्यांदा मैदानावर आलेली. मी हळूच मागे जाऊन बसलो.

"ह्यो पळतो तो कोन?" वहिनीनं विचारलं.

"सुताराचा थोरला," दादा तिच्या कानाशी कुजबुजला. "आता बघ हां, बॉल उंच गेला, खाली माणूस हाय..."

तेवढ्यात लाउडस्पीकरवरचा नवा माणूस ओरडला. दादानं वाक्य अर्ध्यातच सोडलं.

वहिनी पदर सावरून आणखी जवळ सरकली.

"त्याचं मला काय बी कळत नाय," ती म्हणाली. "तुमी सांगा."