काकूंच्या खुब्याची कल्हई

आमच्या शेजारचे नरहरीतात्या कुणाच्याही घरी चहा घेण्याआधी स्वयंपाकघरात जाऊन पातेल्यात डोकावत. पातेलं स्टीलचं असलं तरी विचारत, “कल्हई हाय का?”

लहानपणी पितळेच्या भांड्यात कळकून हिरव्या पडलेल्या कढीनं आख्खी पंगत आडवी झालेली त्यांनी पाहिली होती. धातू आणि पोट यांच्यामध्ये अस्तर हवं, ही श्रद्धा तेव्हा बसली ती कायमची. लग्नाला गेले की आधी आचाऱ्याकडे जाऊन कढईत वाकून बघत. वरपक्षाला वाटे, म्हाताऱ्याला लई भूक लागली असावी.

तात्या गावच्या सोसायटीचे सचिव होते. “वरून समदं चमकतं. आतून कसं हाय ते बोला,” हे वाक्य ते घागरीबद्दल, नव्या जावयाबद्दल आणि मतं मागायला आलेल्या उमेदवाराबद्दल एकाच आवाजात बोलत. दुष्काळात सोसायटीनं टँकर लावला, तेव्हा ते शिडीनं वर चढून, झाकण उघडून, आत गंज आहे का ते बघत बसले. खाली घागर घेऊन उभ्या असलेल्या त्यांच्या बायकोनं, आमच्या गोदाकाकूंनी, सांगितलं की आता उतरा, नाहीतर पाण्याबरोबर तुम्हालाही घागरीत भरून नेते.

पुढं त्याच टँकरच्या रेटारेटीत काकू चिखलात घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. त्यांना मूलबाळ नव्हतं. नेकनूरहून बीडच्या दवाखान्यात न्यायला तात्यांबरोबर मी गेलो.

डॉक्टर म्हणाले, टायटॅनियमचा सांधा बसवावा लागेल. लवकर बसवला तर बाई चालतील, दिवस घालवले तर अंथरुणाला खिळतील.  तात्यांनी विचारलं, “त्याला कल्हई आसती का?”

मी मान खाली घातली. पण डॉक्टर हसले नाहीत. टेबलावर दाखवायला ठेवलेला एक सांधा त्यांनी तात्यांच्या हातात दिला. त्याचा दांडा चकचकीत नव्हता, पांढुरका आणि खरबरीत होता. हाडात जो चुना असतो, त्याच जातीचा हा थर आहे, असं त्यांनी समजावलं. हाड त्याला परकं मानत नाही, हळूहळू येऊन त्याला चिकटतं.

तात्यांनी थरावरून अंगठा फिरवला. परवा सांगतो म्हणाले, आणि तो नमुना मागून घेतला.

खाटेवरच्या काकूंना हे कळलं तेव्हा त्या कण्हत असतानाही चिडल्या. “मी काय पातेलं हाय का? कशापायी थांबवलंय?”

 दुसऱ्या दिवशी सकाळी तात्यांनी कुठून तरी आंबट ताक आणलं, काचेच्या बरणीत ओतलं आणि सांधा धुऊन त्यात बुडवून ठेवला. दिवसभर बरणी खिडकीत होती. नर्स येता-जाता विचारत, आजोबा, लोणचं मुरलं का? संध्याकाळी मी डबा घेऊन गेलो तर तात्या व्हरांड्यात पाठमोरे उभे होते. बरणी तोंडाला लावलेली होती. त्यांनी शेवटच्या घोटापर्यंत ताक संपवलं आणि मिशा पुसल्या. मी घाबरून हात धरला.

“ताक हिरवं झालं न्हाई, हे डोळ्यांनी दिसलं,” ते म्हणाले. “पर तिच्या अंगात जायच्या आधी माझ्या पोटात जाऊ दे म्हनलं. बाधायचं आसंल तर मला बाधंल.”

रात्र नीट गेली. सकाळी त्यांनी डॉक्टरांना होकार दिला आणि नमुना स्वच्छ धुऊन परत केला. ताकाचं काकूंना त्यांनी कधीच सांगितलं नाही. मलाही सांगू दिलं नाही.

काकू वॉकर धरून उठल्या, तेव्हा तात्या त्यांच्यापुढं उलटे चालत होते, दोन्ही हात पसरून. पुढच्या पावसाळ्यापर्यंत काकू वॉकरशिवाय देवळापर्यंत जाऊ लागल्या आणि तात्या मागं पडू लागले.

यंदा तात्या गेले. त्यांना उचललं तेव्हा काकू बरोबर निघाल्या. ऊन फार होतं. भावकीतल्या कुणीतरी जीप आणली आणि वैनी, बसा म्हणून विनवलं. काकूंनी पदर सावरला.

“तेंनी चालती केली मला,” त्या म्हणाल्या. “चालू द्या.”

आणि वेशीपर्यंत त्या चालत आल्या, कुणाचा हात न धरता.