गंगारामकाकांचं डावं चाक

आमचे शेजारी गंगारामकाका दुसऱ्याच्या गाडीत बसले की आधी दार लावतात, मग खिडकीतून हात बाहेर काढून टपावर दोनदा टकटक करतात. त्याशिवाय गाडी हलवायची नाही. थांबायचं असलं की एकदाच टक. सारी नोकरी महाड डेपोत लाल गाडीवर कंडक्टर म्हणून झाली. निवृत्तीला काही वर्षं झाली, पण डबल बेल काही सुटली नाही.

काकांना गाडी चालवता येत नाही. सायकलसुद्धा येत नाही. पण गाडीच्या आवाजाबद्दल महाडात त्यांच्यापुढे कुणी तोंड उघडायचं नाही. "ड्रायव्हर पुढं बघतो रे. चाकाचं ऐकतो तो कंडक्टर." ऐकून झालं की निदान ठरलेलं, "बेरिंग गेलंय." कोपऱ्यावरच्या मुल्लांच्या टेम्पोचा हॉर्न वाजेना, तर बेरिंग. स्वतःचा गुडघा दुखला, तरी बेरिंग. आमच्या मिक्सरचंही त्यांनी बेरिंगच काढलं आणि ते नेमकं बरोबर निघालं. त्याचा त्रास आम्ही अजून भोगतोय.

गेल्या हिवाळ्यात पाहुण्यांना शिवथरघळ दाखवून आणली आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्या गाडीचं पुढचं डावं चाक घरघरायला लागलं. मी गल्लीतून गाडी काढतोय तोच काका तोंडात ब्रश घेऊन आडवे आले.

"पुढचं डावं."

"बेरिंग का, काका?"

"सपाटीला सांगता येत नाय. चढाला ऐकलं पायजे. कुडपणचा रस्ता धर."

"मग वरंधच्या बाजूला जाऊ या की. चढच चढ."

"तो चढ कानाला मानवत नाय."

निघालो. टकटक. पोलादपूरपर्यंत काकांचं अर्धं अंग खिडकीबाहेर होतं. "ब्रेक दाब. सोड. आता उजवीकडं घे. हां, आता कसं कण्हतंय बघ." पोलादपूर मागे पडलं, कुडपणच्या रस्त्याला लागलो आणि निळ्या पत्र्याच्या एका घरासमोर टक झालं.

"चाक तापलं असंल. थंड होऊ दे."

काका चाकाशी उकिडवे बसले आणि हाताची पालथी बाजू रिंगजवळ धरून ताप बघायला लागले. घरातून एक बाई चहाचे दोन कप घेऊन आली. एक माझ्या हातात दिला, दुसरा बॉनेटवर ठेवला.

"दादा, त्यांना सांगा, बिनसाखरेचा हाय."

काका चाकाकडे बघत म्हणाले, "तिला सांग, चाक तापलं म्हणून थांबलोय."

"त्यांना विचारा, प्रेशरची गोळी घेतात का?"

"सांग, घेतो."

"सांगा, खोटं बोलतात."

दोघांमध्ये हातभराचं अंतर, आणि मी कप सांभाळत निरोप्या. काकांनी पुढे विचारलं, "नवरा कुठं हाय, विचार." डंपर घेऊन माणगावला गेल्याचं कळलं. "ब्रेक नीट दाबतो का म्हणावं," काका म्हणाले, आणि चहा संपवून टकटक.

घरी आल्यावर बायकोने मला सगळं सांगितलं. ती बाई काकांची एकुलती एक मुलगी, सुमन. आम्ही इथे राहायला येण्याआधीच तिने आपल्या पसंतीने लग्न केलं होतं, आणि तेही ड्रायव्हरशी. काकांचं उभ्या नोकरीत एकाही ड्रायव्हरशी पटलं नव्हतं. त्यांनी भर स्टँडवर जाहीर केलं होतं, तिच्या दारात पाय ठेवणार नाही. पोलादपूरला बस दिवसभर असतात, पण बसने गेले तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या डेपोत बोभाटा होणार, गंगाराम लेकीकडं गेला. बिघडलेल्या गाडीतून गेलं की माणूस कामाला गेलेला असतो. मुल्लांचा टेम्पोही काकांनी कुडपणच्या रस्त्यालाच नेला होता. हॉर्नचं दुखणं ऐकायला चढ कशाला लागतो, हे तेव्हा कुणी विचारलं नाही.

गॅरेजवाल्याने चाक उतरवलं. ब्रेकची डिस्क आणि तिच्यामागचा पत्रा यांच्यात खडीचा एक बारका खडा अडकला होता. त्याने तो स्क्रूड्रायव्हरने उडवला आणि घरघर थांबली. तो खडा मी मोठ्या विजयाने काकांना नेऊन दाखवला. त्यांनी तो तळहातावर फिरवला, "बरं झालं" म्हणाले आणि आत गेले. त्यानंतर ब्रश घेऊन बाहेर यायचेही बंद झाले. मला फार वाईट वाटलं. एवढ्याशा खड्याने त्यांचा रस्ता बंद केला होता.

मग एका रविवारी मीच त्यांच्या दारात गाडी उभी केली. "काका, परत आवाज येतोय."

त्यांनी गाडी गल्लीतून दोनदा फिरवायला लावली आणि कान लावून चाकाबरोबर चालले. आवाजाच्या बाबतीत हा माणूस खोटं बोलत नाही.

"काय नाय. गाडी गप हाय."

मी इंजिन बंद केलं. काका चाकावर हात ठेवून उभे राहिले.

"रिकामी हाय म्हणून गप असंल," ते म्हणाले. "मागं वजन घालून चढाला ऐकलं पायजे."

आणि आतून वजन यायला लागलं. तांदळाची गोणी. नारळ. कुळथाची पिशवी. शेवटी लोणच्याची बरणी आली, ती त्यांनी मांडीवर घेतली. टकटक.

निळ्या पत्र्याच्या घरासमोर टक झालं. सुमन दारात आली. काका माझ्याकडे बघून म्हणाले, "वजन हितंच उतरव. जाताना रिकामी गाडी ऐकू."

मी गोणीला हात घातला, पण त्यांनी मला बाजूला सारलं आणि दुखऱ्या गुडघ्यानिशी ती खांद्यावर घेतली. दारापाशी जाऊन थांबले. पाय पुढे पडेना, गोणी खाली ठेववेना.

"आबा," सुमन मला न सांगता थेट त्यांनाच म्हणाली, "आत ठेवा."

काकांनी मोकळ्या हाताने चौकटीवर दोनदा टकटक केलं आणि आत गेले.

मी बाहेर चाकापाशी उकिडवा बसलो आणि पालथा हात रिंगजवळ धरला. चाक काही तापलं नव्हतं, तरी मी चांगला तासभर ते थंड होऊ दिलं.