साळूबाईंच्या अंगणी दोन पोत्यांचा वेढा

शके अठराशे पासष्ट, मार्गशीर्षमासी, विलायतेत महायुद्ध आणि बाजारात दाण्याची टंचाई असता, रहिमतपुरी त्याहून घनघोर संग्राम झाला, तो आम्ही छत्री धरून समक्ष पाहिला, सबब यथामति लिहितो. शूरांनी वाचावा, भुकेल्यांनी आधी जेवून घ्यावे.

कारण ऐसे जाहले जे, गरिबांचा कैवार घेणाऱ्या दोन दौलती गावात नांदत होत्या. एक सरकारची कचेरी आणि दुसरी अडतदार तात्यांची अन्नदान मंडळी, जिचे चिटणीस खासे आम्ही. कचेरीचा नियम, ज्यास खासगी दान मिळते त्यास सरकारी दाणा नाही. आणि मंडळीचा नियम, जो सरकारचे खातो तो आमचा नव्हे. संग्रामाचे दुसरे दिवशी दोन्हीकडचे वरिष्ठ साताऱ्याहून पाहणीस येणार, आणि दाखवावयास गरीब हवा. परंतु हंगाम गुऱ्हाळांचा, मग यच्चयावत गरीब उसाच्या फडावर गेलेले, आणि गावात उरल्या एक साळूबाई, कारण त्यांचे गुडघे चालत नव्हते. चूलही कालपासून पेटली नव्हती.

मग तात्या जोंधळ्याचे पोते गाडीत घालून निघाले आणि पुढे आम्ही, आणि इतक्यात पश्चिमेकडून मानसिंगराव कारकून सायकलीवर, मागे शिपायाच्या डोकीवर सरकारी पोते, ऐसे चालून आले आणि दोन्ही फौजा साळूबाईंच्या अंगणात भिडल्या. मोठी धूळ उडाली. (ती कोंबडीने उडविली.)

तात्यांचे फर्मान सुटले की, सरकारी दाणा घेतल्यास मंडळीचे दार वर्षभर बंद. मानसिंगरावांचे सुटले की, मंडळीचा घेतल्यास नाव यादीतून कमी.

"दोनी ठिवा की रं," साळूबाई उंबऱ्यावरून बोलल्या. "पोतं पोत्याला चावतंय व्हय?"

"नियमात बसत नाही, मावशी," मानसिंगराव म्हणाले.

"आज ह्येचं खाल्लं तर उद्या त्यो न्हाई. त्येचं खाल्लं तर ह्यो न्हाई. मी आज जेवू का उद्या, त्येवढं सांगा."

यावर दोहों दरबारी तहाची बोलणी लागली.

(येथे मजकूर गहाळ आहे. बखरकारास डुलकी लागली होती.)

जागे होऊन पाहतो तो सूर्य माथ्यावर, तह फिसकटलेला आणि दोन्ही सरदार आपापल्या पोत्यावर बसलेले. जेवावयास जावे तर मागे दुसरा आपले पोते घरात टाकील आणि यश घेऊन जाईल, म्हणोन कोणी हलेना. तात्यांच्या पोटात नौबत झडली आणि तीस सरकारी पोटातून जबाब आला.

तो आवाज साळूबाईंनी ऐकिला आणि कुंपणापलीकडे शेजारीण अंबूबाईंस हाक घातली, आणि पसाभर पीठ व विस्तव उसना मागितला.

"घ्या की, आत्ती. सकाळीच म्हनलं तवा न्हाई म्हनलासा."

"आदीचं फिटलं न्हाई, माझ्यासाठनं कशी मागू? पर दारात मानसं उपाशी बसल्याती गं."

"बुडाखाली पोती हायती की त्येंच्या."

"ती बसायची पोती हायती."

उसने म्हणजे दान नव्हे आणि मदतही नव्हे; त्यास कोण्याच दौलतीत कलम नव्हते. चूल पेटली. भाकरी, मीठ, मिरची. साळूबाईंनी हुकूम फर्माविला, "आदी खावा, मग भांडा," आणि हुकूम तात्काळ अंमलात आला. तात्यांनी पाणी मागितले, ते मानसिंगरावांनी दिले. सर्वांमागून बाईंनी चतकोर खाल्ली.

मग हात धुऊन सरदार उठले, परंतु जिचे मीठ खाल्ले तिच्या दारातून पोते माघारी नेण्यास कोणाचा हात होईना.

तात्या धोतर झटकीत म्हणाले, "आमचं इथंच राहू दे. गाडीचा बैल लंगडतोय."

बैल धडधाकट होता.

मानसिंगराव म्हणाले, "आमचाही शिपाई दमलाय," आणि सायकल हाती धरून चालू लागले.

येणेप्रमाणे मार्गशीर्षमासी दोन्ही पोती साळूबाईंच्या घरात दाखल जाहली आणि वेढा उठला. साताऱ्याच्या वरिष्ठांस काय दाखवावे याचा विचार पडला, सबब चिटणीस या नात्याने सत्य तेच कळविले की, मजकूर दिवशी रहिमतपुरी साळूबाई यांनी अडतदार एक, सरकारी कारकून एक, शिपाई एक आणि चिटणीस एक, ऐशा चार भुकेल्यांस अन्न दिले. पैकी चिटणिसाने दोनदा घेतले. फत्ते जाहली.