मोतीलालजींचा चहा आणि मर्कॅप्टन

साकोलीजवळच्या शेडमध्ये वासुदेवराव हातमागाच्या सुताला लावायची खळ करत. पुतणी दामिनी केमिस्ट्री शिकून आल्यापासून तांदळाची पेज मागे पडली आणि स्टीलच्या भांड्यात व्हिनाइल जातीचा मोनोमर शिजू लागला. आज विणकर सोसायटीचे अध्यक्ष मोतीलालजी नमुना पाहायला येणार होते. पसंत पडला तर वर्षभराची ऑर्डर. नाहीतर ती पटकवायला नागपूरचा व्यापारी टपलेलाच होता.

"काका, मी पाहुण्याले स्टँडवरून घेऊन येते," दामिनीने बाटली पुढे केली. "दहा वाजले का हे मर्कॅप्टन थेंबथेंब सोडजा. मोनोमर एकमेकाचा हात धरून साखळी करते. हे एका साखळीले थांबवते अन् दुसरी सुरू करून देते. साखळ्या आखूड राहिल्या त खळ पातळ राहते."

वासुदेवरावांनी बूच काढलं आणि तत्काळ लावलं. सडक्या अंड्यांची आमसभाच! पाहुणा यायच्या आधी अंगणात सडा घालणारं त्यांचं घर. त्यांनी बाटली स्वयंपाकघरात सिलिंडरमागे दडवली आणि शेडच्या दारात दोन उदबत्त्या लावल्या.

दामिनीसोबत आलेले मोतीलालजी ओसरीवर टेकले ते गोसीखुर्द धरणाच्या मासळीवर बोलत. त्यांच्या बोलण्यावर औषध एकच, वासुदेवरावांच्या पत्नी रुखमिणीकाकूंचा चहा. कप आला की एक विषय संपे, दुसरा सुरू होई. पण आज चहाच येईना.

"काहून वो, च्या?" वासुदेवराव आत डोकावले.

"कायचा च्या! गॅस गळून राहिला ना! रेग्युलेटर काढला, एजन्सीले फोन केला. काडी लावान त खबरदार!"

गळत होती ती बाटली; गॅसलाही वास यावा म्हणून मर्कॅप्टनच घालतात. पण खरं सांगावं तर बाटली काढावी लागणार. वासुदेवराव मुकाट परतले. इकडे मासळीवरून जाळं, जाळ्यावरून सूत, सुतावरून सोयरे, गोष्ट लांबतच चालली होती. थोरांच्या मधून उठायचं कसं म्हणून दामिनीही माना डोलवत होती. शेवटी शेडमधून ढवळणीची मोटार कण्हली तेव्हा ती धावली, मागोमाग सगळे. खळ घट्ट गोळा होऊन ढवळणीचा दांडा धरून वर चढली होती. वासुदेवरावांनी दांडा ओढला, तर सोबत भांडंही उचललं गेलं.

"काका, बाटली कुठी हाय?"

"सिलिंडरच्या मांगं. पाहुण्याले वास येईन म्हणून..."

"म्हणजे मी घंटाभर उगाच चूल बंद ठेवून बसली?" स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला.

मोतीलालजींनी गोळ्यावर टिचकी मारली. त्या वासाच्या थेंबांशिवाय खळ अशीच गोळा होते, हे दामिनीने सांगितलं. वासुदेवरावांना डोळ्यांपुढे नागपूरचा व्यापारी दिसला.

"म्हणजे वास असन तरच माल चांगला?" मोतीलालजींनी विचारलं.

"व्हय जी," दामिनी म्हणाली.

"मग उद्या शिजवा. मी बसून पाहतो."

दुसऱ्या दिवशी वास सुटला, चहाही वेळेवर आला, आणि खळ ताकासारखी उतरली. मोतीलालजींनी सही केली. वर स्वतःच्या हाताने अट घातली : 'वास नसल्यास माल परत.'

आता पंचाईत अशी, की तयार खळीला वास जवळजवळ उरतच नाही. तेव्हापासून गाडी भरण्याआधी वासुदेवराव प्रत्येक डब्याच्या झाकणाला, लग्नात अत्तर लावावं तसा, काडीने मर्कॅप्टनचा एक थेंब लावतात.